नुसत्या पाण्याचा पेला

४ ऑगस्ट, बोईसर
नोकरी मिळाली, खोली मिळाली, आणि खोलीत एकही डास नाही! मिरजेत मच्छरदाणीशिवाय डोळा लागत नसे. इथे माझी लेक रिद्धी दिवसभर उघडीवाघडी लोळते. चार वर्षांची आहे, नळ दिसला की तोंड लावते. खोल्या कंपनीच्या आवारातच, पाणी कंपनीच्याच बोअरचं. काम माझ्या आवडीचं: निर्गुडीच्या पाल्याच्या अर्काने डासांच्या किती अळ्या मरतात ते मोजायचं. पाला आणि अळ्यांचा डबा सोमी आणते, सफाळ्याच्या आतल्या पाड्यावरून. सोबत स्वतःची पाण्याची बाटलीही. बाय, तुमच्या टाकीत अळी धरत नाय, ते पानी आमी नाय पीत, म्हणाली. मी हसले.

१२ ऑगस्ट
पाच पेल्यांत नळाच्या पाण्यात अर्क, सहाव्यात नुसतं नळाचं पाणी, तुलनेसाठी. प्रत्येकात पंचवीस अळ्या. आज मोजल्या, तर सहाही पेल्यांत एकही जिवंत नाही. सहाव्यातल्या मरायला नको होत्या. माझ्याच हाताला अर्क लागला असणार. पेले उकळून पुन्हा सगळं मांडलं.

१४ ऑगस्ट
पुन्हा तेच. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, इंद्रजीत सरांना सांगितलं. नवीन मुलींचे हात कापतातच, म्हणाले. सहाव्या पेल्यापुढे 'मृत: शून्य' लिही, सोमवारी गिऱ्हाईक येतंय. त्यांच्या टेबलाखाली पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा खोका होता.
मी शून्य लिहिलं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

१९ ऑगस्ट
पाड्यावरचं पाणी सोमीकडून मागवून तीच चाचणी केली. सहाही पेल्यांत सगळ्या अळ्या वळवळतायत. अर्कातल्यासुद्धा! अर्क कुचकामी आहे. मारतंय ते बोअरचं पाणी. आणि या इंद्रजीतला ते ठाऊक आहे. म्हणूनच तो बाटलीचं पितो. रिद्धी पंधरा दिवस नळाचंच —

२० ऑगस्ट
सरांपुढे नळाचं पाणी भरून पेला ठेवला. प्या म्हटलं. सर हसले. डास चावत नाहीत याचे आभार मान, म्हणाले. मी पेला भिंतीवर फोडला.
सामान आवरताना सोमीच्या डब्यातला एक डास उडून मनगटावर बसला. रक्त प्यायला. उडाला नाही. जागच्या जागी मेला. माझं रक्त पिऊन —

२१ ऑगस्ट, सोमीच्या ओटीवर
रिद्धीला उचलून आणलं. इथे डासच डास. मला चावलेले सात मेले. ओळीने पडलेत.
सोमी म्हणते, पोरीला पन बसव, एकाला चावू दे, मंग कळंल. मी तिच्यावर ओरडले. मग बसवलं.
रिद्धी खिदळतेय. तिच्या दंडावर बसला एक. पितोय. पोट लाल —
पुरे. आता उड.
मेल्या, उड ना —
सोमीने माझा खांदा घट्ट धरलाय — त्याने एक पाय उचलला — पंख —