वखारीच्या वळणावरची

१२ जानेवारी

चि. भोंग्यास,

आत्याचे अ. उ. आ., आणि वर एक धपाटा, कारण बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही.

तुला वर्तमानपत्रात नोकरी लागली तेव्हा मी तुझ्या बापाला म्हटलं होतं, घरातली प्रत्येक गोष्ट गल्लीभर ओरडून सांगणाऱ्या पोराला याहून योग्य काम मिळणं शक्य नाही. तुमचं ‘आपला शेजारी’ हे सदर मी न चुकता वाचते. विहीर साफ ठेवणाऱ्या म्हाताऱ्यावर लिहिलंत ते आवडलं. फोटोत मात्र त्याचं डोकं अर्धं कापलंत.

त्या सदरासाठी माझ्याकडे एक माणूस आहे. आमच्या वरच्या खोलीत एक बाई भाड्याने राहते. एकटीच असते. सगळे तिला ‘वरची’ म्हणतात. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे आणते आणि खिडकीशी बसून काजं-बटणं करते. गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार आहे ती तुला आठवत असेल. तिथेच उताराला वळण आहे आणि पलीकडे शाळा. ओंडक्यांचे ट्रक तिथून सुसाट उतरतात. मागे गवंड्याची मुलगी चाकाखाली सापडली, तिचा पाय गेला. आम्ही सगळे हळहळलो, अर्जबिर्ज केले आणि आपापल्या कामाला लागलो. वरची मात्र दुसऱ्याच दिवशी शाळा भरायच्या वेळी लाल कापड घेऊन वळणावर उभी राहिली. हात वर केला आणि ट्रक थांबला. तेव्हापासून शाळा भरताना आणि सुटताना ती तिथे असतेच. ट्रकवाले आधी शिव्या द्यायचे, आता लांबूनच वेग आवरतात. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, म्हणून मान वळवून उजवा कान उताराकडे करून उभी असते. ते रूप एकदा बघ, विसरणार नाहीस.

तिला मी विचारलं, तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाली की तिचं कुठेही काही यायला नको. फार लाजाळू आहे बिचारी. तू असं कर, तुमचा फोटोवाला गुपचूप पाठव. छापून आल्यावर खूश होईल.

खोकला कसा आहे? गळ्याला काही गुंडाळत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

कात्रण सोबत जोडलं आहे. आधी ते बघ, मग पुढचं वाच. बघितलंस? आमच्या फोटोवाल्याने न्हाव्याच्या दुकानात दाढी करून घेण्याचं सोंग केलं आणि दारातून हा फोटो टिपला. वर केलेला हात, पुढ्यात थांबलेला ट्रक, मागे पोरांची रांग. यावेळी कुणाचंही डोकं कापलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

संपादकांनी तुझा मजकूर जवळजवळ तसाच ठेवला. कानाचा उल्लेखसुद्धा ठेवला, म्हणाले त्यानेच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. गावाचं आणि वखारीचं नावही दिलं आहे. सगळ्या आवृत्त्यांत छापलं, त्यामुळे लांबलांबून पत्रं येताहेत. पुढच्या महिन्यात अशा शेजाऱ्यांचा सत्कार करायचा आहे, तेव्हा तिला घेऊन तूच ये. तिला काय वाटलं ते लगेच कळव. माझी उत्सुकता फार ताणू नकोस.

खोकला गेला. गळ्याला गुंडाळतो, ऑफिसात सगळे हसतात. तुझी माझ्यावरची मर्जी अशीच राहू दे.

तुझा,
भोंग्या

८ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

आशीर्वाद. आज थट्टा नाही.

कात्रण मी स्वतः वर घेऊन गेले, अगदी मिरवत. तिने हातातला शर्ट बाजूला ठेवला, फोटो पाहिला आणि जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, “आत्या, मी नको म्हणाले होते.” एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग हळूहळू सांगितलं. तो कान जन्माचा बहिरा नाही. नवऱ्याने पितळी तांब्या फेकून मारला होता. माहेरी गेली तर माहेरच्यांनी समजूत काढून परत पाठवलं. चौकीत गेली तर तिथल्यांनी त्यालाच बोलावून हिला त्याच्या हवाली केलं. त्या दिवशी घरी नेऊन त्याने काय केलं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेवटी जिथे ओळखीचं कुत्रंही नाही अशा ठिकाणी यायचं म्हणून ती इथे आली. आणि मी तिच्या तोंडावर दिवा धरला.

तिने एकच विचारलं, की तुमचा अंक त्यांच्या भागात जातो का. मला सांगता येईना, पण तू सगळ्या आवृत्त्या म्हणतोस.

तिने बोचकं बांधलं आहे. कुठे जाणार म्हटलं तर ठरलेलं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत थांब, असं हातापाया पडून सांगितलं आहे. ती खाली उतरत नाही, म्हणून वळणावर मी उभी राहते. माझा हात बघून ट्रकवाले थांबतात, पण उशिरा. जिन्यावर पाऊल वाजलं की वरच्या खोलीतली हालचाल थांबते. ते खाली मला ऐकू येतं.

तो माणूस तुमच्याकडे आला, तर कुणीही तोंड उघडू नये. हे पत्र बाजूला न ठेवता आधी सगळ्यांना सांग.

आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

सकाळी तार केली ती मिळाली असेलच. तारेत सगळं मावलं नाही, म्हणून हे लिहितो.

तुझं पत्र माझ्या हातात पडलं त्याच्या आदल्याच दिवशी तो येऊन गेला होता. मी बाहेर बातमीवर होतो. आमचा काउंटरवरचा कारकून सांगतो की माणूस अतिशय सभ्य. अंगावर इस्त्रीचे कपडे, खिशात घडी केलेलं कात्रण. म्हणाला, बायकोचं डोकं फिरल्यामुळे ती घरातून निघून गेली, आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो, तुमच्या उपकाराने सापडली. बोलताना डोळे पुसत होता. कारकुनालाही भरून आलं. त्याने माझ्या टेबलावरचं तुझं जानेवारीतलं पाकीट बघून घराचा पत्ता दिला, वर बसचा रस्ताही सांगितला. त्याला मी काय बोलणार? फोटोवाला मीच पाठवला होता.

मलाही निघायचं होतं, पण तिकडची बस दिवसाआड असते आणि आजची सुटून गेली. तिला एकटं सोडू नकोस. तूही एकटी राहू नकोस. चौकीत जा म्हणावं, तर तिचा तिथला अनुभव तूच लिहिला आहेस. दोन ओळी का होईना, पण लगेच लिही.

भोंग्या

१२ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

आशीर्वाद. आम्ही दोघी धड आहोत. आता सावकाश वाच.

तुझी तार मिळाली तशी मी गल्लीत धावले. न्हावी, चहावाला आणि आमचा घरमालक, तिघांना कसंबसं सांगितलं. काय बोलायचं ते ठरवायला वेळच मिळाला नाही. घरमालकाची तर मला धास्तीच होती. दारातल्या चपलांवरून तो वरचीशी रोज भांडतो.

शाळा सुटायच्या सुमारास तिचा नवरा आला. हातात फळांची पिशवी. आधी न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने वस्तरा न थांबवता सांगितलं, की फोटोतला हा रस्ता इथला नव्हेच. फोटो त्याच्याच दारातून काढलेला! चहावाल्याने सांगितलं, की होती अशी एक बाई, पण मागेच बसने गेली. घरमालक म्हणाला, की वरच्या खोलीत त्याचं जुनं लाकूड आहे आणि बायामाणसांना तो खोली देतच नाही. हे तो इतक्या तुसडेपणाने म्हणाला की मलाही क्षणभर खरं वाटलं.

पण तिघांची तीन उत्तरं. त्याच्या ते लक्षात आलं. हसला, पिशवी खाली ठेवली आणि वळणावर माझ्याकडे आला. पोरं रस्ता ओलांडायला गोळा झाली होती. त्याने विचारलं, लाल कापडवाली बाई कुठे आहे. मी म्हटलं, कापड माझ्या हातात आहे, दिसत नाही का? त्याने माझं मनगट धरून पिरगाळलं. चेहऱ्यावर हसू तसंच. भोंग्या, मला तेव्हा तो तांब्या दिसला.

न्हावी धावला, पण त्याच्या आधी जिन्यावरून वरची उतरली. खिडकीतून सगळं बघत होती. जवळ येऊन म्हणाली, “आत्यांचा हात सोड.” आजवर त्याला ती अहोजाहोच करत आली असणार. ते ‘सोड’ ऐकून तो गोंधळला आणि माझा हात सुटला. मग तिला घरी चल म्हणाला, अगदी गोड आवाजात. ती म्हणाली, “मी येणार नाही. सगळ्यांसमोर सांगतेय, म्हणजे ऐकलं नाही असं कुणी म्हणायला नको.”

तो पुढे सरकला आणि तेवढ्यात उतारावर ट्रकचा आवाज झाला, भरलेला ट्रक. तिने माझ्या हातातलं कापड घेतलं आणि त्याच्याकडे चक्क पाठ केली. बहिरा कान त्याच्याकडे, उजवा कान उताराकडे, हात वर. ट्रक कचकन थांबला. ती पोरांना चला म्हणाली आणि पोरं त्या दोघांच्या मधून जात राहिली. काही न कळता, दप्तरं हलवत. ड्रायव्हर खाली उतरला. न्हावी, चहावाला, घरमालक येऊन उभे राहिले. कुणी त्याला बोटही लावलं नाही. शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत तो तिथेच उभा होता, मग मागे सरकला.

आम्ही सगळे तिला घेऊन चौकीत गेलो. जमादाराने घरगुती मामला म्हणून सुरुवात केली. घरमालक बाकावर फतकल मारून बसला आणि म्हणाला, की तक्रार नोंदवल्याशिवाय तो उठणार नाही, जेवणाचा डबा तो इथेच मागवील. नोंदवली. त्या माणसाला स्टँडवरून बोलावून आणलं आणि पुन्हा दिसलास तर आत टाकू, अशी समज देऊन बसमध्ये बसवलं.

तुझ्यावर राग नाही, असला तर निम्मा माझ्या वाट्याचा आहे.

आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. संपादकांनाही दाखवलं. त्यांना ही सगळी हकिगत छापायची आहे. मी म्हटलं, आधी तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते नाहीच. थोडी बाचाबाची झाली. शेवटी मानले. आता या सदरात ज्याचा फोटो त्याच्या होकाराशिवाय काहीही जाणार नाही, एवढं पदरात पाडून घेतलं आहे.

तिला सत्काराला यायचं आहे का ते विचार. आणि मी तिथे येऊन तिला भेटलो तर चालेल का, तेही. तोंड दाखवायची लाज वाटते, पण न दाखवणं त्याहून वाईट. तुझ्या मनातली माझी जागा अजून रिकामी झाली नसेल, अशी आशा धरतो.

तुझा,
भोंग्या

२६ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

आत्याचे अ. उ. आ.

तिला दोन्ही विचारलं. सत्कार नको, छापायला नको. तू यायला हरकत नाही. फोटोवाल्याला मात्र आणू नकोस म्हणाली, आणि म्हणताना थोडीशी हसली. हे मी तुला मुद्दाम कळवते आहे.

बोचकं तिने सोडलं. भीती गेली असं समजू नकोस. बस आली की अजूनही काम थांबवून खिडकीत येते. घरमालकाने खालच्या दाराला नवा अडसर बसवला आणि त्यावरून माझ्याशी भांडला, की मी तो जोरात लावते. चपलांवरची भांडणं चालूच आहेत.

न्हाव्याची गंमत सांगते. त्याने आपली खुर्ची भिंतीकडून उचलून दाराकडे तोंड करून ठेवली आहे. आता गिऱ्हाइकाला आरसा दिसत नाही, समोर दिसतं ते वखारीचं वळण. लोक कुरकुरतात, की कल्ले सरळ झाले की नाहीत ते कसं कळायचं. तो म्हणतो, इथे उजेड बरा पडतो. शाळेच्या वेळेला त्याचा वस्तरा थांबतो. अर्धा फेस लावलेलं गिऱ्हाईक आणि तो, दोघंही रस्त्याकडे बघत असतात. पोरं पलीकडे गेली, ती कापडाची घडी करत परत फिरली, की मग पुढची दाढी.

लवकर ये आणि माझ्या वाट्याची माया बरोबर घेऊन ये.

तुझी,
आत्या