कुडपणचा धोंडूकाका

मंगळवार, दिवेलागण

आता काय करू? धोंडूकाकाला जाऊन समजवावं, तर धोंडूकाका हायच कुठं!

पुण्याची एक कंपनी भातशेतीचं अॅप बनवतेय. तिथल्या ताई मला बोलल्या होत्या, आठ शेतकऱ्यांना भेट आणि प्रत्येकाचा एक कागद लिही, मोबाइल कसा वापरतो ते. मी तिघांना भेटलो. बाकीचे पाच कापडे गावात रस्त्याच्या मोरीवर बसून मनानंच जन्माला घातले. कुडपणचा घाट कोण चढतोय? धोंडूकाका त्यातलाच. मजा म्हणून लिवलं, "काका मोबाइलशी बोलत नाय. बोलला तर बायको म्हणते, म्हातारा येडा झाला."

आज ताईंचा फोन आला. "धोंडूकाकांनी डोळे उघडले रे आमचे! बोलायचं बटण काढून टाकलं. आता सगळं लिहूनच विचारायचं."

आणि माझ्या आईला लिहिता येत नाय. मागं ट्रायलला तेच बटण दाबून ती बोलली होती, "गो बाय, भातावर करपा आलाय." मोबाइलमधल्या बाईनं उत्तर दिलं तशी केवढी लाजली.

म्हटलं, "ताई, माझी आई बोलते की मोबाइलशी."

"घरचं माणूस धरत नाहीत रे. धोंडूकाका खरे वापरणारे."

खरं सांगितलं तर काम जातंय. नाय सांगितलं तर आईचं बटण.

आईला एवढंच बोललो, कुडपणच्या एका म्हाताऱ्यापायी बटण गेलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "जेवायला आण त्याला. मी सांगते, लाजायचं नाय म्हणून."

रविवारचं कोंबडं पण ठरवून ठेवलंय तिनं.