तिसऱ्या पानावरची ओळ

१२ जानेवारी २००४
तक्रार नोंदवून ठेवतो. झेरॉक्सवाल्याने पन्नासच्या पन्नास पुस्तिकांना पिना तिरक्या मारल्या. संस्कृतात उभी हयात घासलेल्या माणसाचं काम लोकांपुढे असं वाकडं जावं, हा अधर्म आहे. बोललो, तर म्हणतो, "सर, पानं धरली ना? मग झालं."
देवीदासच्या ट्रक-चासीचे, म्हणजे खालच्या सांगाड्याचे, आराखडे अखेर मराठीत आले. शाळासोबती, अंबडला वर्कशॉप. ध्यास एकच : गावातल्या फॅब्रिकेटरला परवडेल, जमेल अशी चासी. पेटंट नाही. कोणीही न्या, करा, बदला. इंग्रजीत नेटवर त्यानेच टाकले, मराठी माझं. मुखपृष्ठावर 'भाषासंस्कार' म्हणून माझं नाव. तेही मीच घातलं.

१९ जाने.
दे. पुस्तिका चाळून म्हणाला, "पंडित, भोक कुठे पाडायचं, ती सूचना मी सहा पानांवर लिहिली होती. इथे एकदाच दिसते."
"पहिल्या पानावर आहे ना? पुनरुक्ती हा दोष आहे."
हसला. "तुझं शास्त्र तुला माहीत."

३ मार्च
पिंपळगावला फॅब्रिकेटर निवृत्तीभाऊंची आपल्या आराखड्यावरची पहिली गाडी तयार. द्राक्षाचे क्रेट भरून, हार घालून. पेढे खाल्ले, पुढे बसून एक फेरीही मारली. शेडच्या भिंतीवर पुस्तिकेचं तिसरं पान एकटंच, प्लास्टिकमध्ये. बाकीची पानं?
"ती काय करायची सर? मापं या पानावर हायेत."
फार आवडलं. पेपरात दिलेल्या बातमीचं शीर्षकच केलं : 'एका पानावर ट्रक!'

२८ मे
तीच गाडी कांदा घेऊन चांदवडचा घाट चढताना मधोमध वाकून बसली. चासीच्या लांब लोखंडी चॅनलला तडा. चालवत होता सोपान, भाऊंचा मेहुणा. खरचटण्यावर निभावलं. चढ होता म्हणून. उतार असता तर

२९ मे
दे.बरोबर गेलो. हौद्याच्या बोल्टसाठी चॅनलच्या वरच्या पट्टीला भोक. तडा बरोबर तिथून.
दे. : "भाऊ, भोक उभ्या अंगाला घ्यायचं. वरच्या पट्टीला कधीच नाही."
"मंग लिवायचं ना तसं! कुठंय, दाखवा."
तिघेही भिंतीवरच्या पानाकडे बघत राहिलो. दे.ने माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. म्हणाला, "राहिलं असेल माझ्याकडून."
मी चष्मा पुसत होतो.

३० मे
खणातून कच्ची प्रत काढली. भोकाच्या सूचनेवर पाच ठिकाणी माझी लाल रेघ. समासात दर वेळी टिपलेलं : 'पुन्हा तेच!' उद्गारचिन्हासकट.
सौ. : "मग सांगून या ना भाऊंना."
"जाईन."
"कधी?"

४ जून
सांगितलं.
भाऊ : "तुमी खोडली व्हय ती ओळ?" मग, "मला काय सांगता, सोपानला सांगा. जीव त्याचा जात व्हता."
सोपान कोपरावरची खपली दाखवत म्हणाला, "सर, धा वेळा लिव्हा. एकदा सांगून आमी ऐकलं असतं, तर घरी बायको कशाला वरडली असती?"
सगळे हसले. मला जमलं नाही.
निघताना भाऊ : "सायखेड्याच्या दोघांनी ह्या पानाचं झेरॉक्स नेलंय. त्यांच्याकडून अजून कोणी."

९ जून
नवं तिसरं पान उरलेल्या पुस्तिकांना जोडलं. सूचना वर, मध्ये, खाली. पिना सरळ आहेत का, बघितलंही नाही. सायखेड्याचे दोघे भेटले. त्यांच्या गाड्या अजून अर्ध्यात, वाचलो. पण पान पुढे सटाण्याकडच्या कोणाला तरी दिलंय. नाव? "नाव कशाला इचारायचं सर? फुकटच हाय ना?" घेणाऱ्याला नाव विचारत नाहीत हीच यातली थोरवी, असं मार्चमध्ये मीच छापलं होतं.

१७ जून
दे. म्हणतो, पेपरात दुरुस्ती छापून आण. सटाण्यापर्यंत तेवढाच पेपर पोचतो. आठ दिवस मजकूर घासतोय. पाच खर्डे. एकात 'त्रुटी राहून गेली', एकात 'अनवधानाने'. 'मी खोडली' एकातही नाही. दे.चा सकाळी फोन : "पाठवलीस?" म्हटलं, भाषा बसत नाहीये.
भाषा केव्हाच बसली आहे. खाली माझं नाव छापून येईल, याची भीती वाटते. आणि तिकडे सटाण्याकडची ती गाडी बहुधा रस्त्यावर आली असेल.