गुरुपुष्याची वाट पाहिलेला कंप्युटर

गुरुवार, दिवेलागणीनंतर

आज गुरुपुष्यामृत. कंप्युटरची पूजा केली, नारळ फोडला, रेखानं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. तिनं वायरी काढून पुन्हा लावल्या. तरी काळाच.

गुरुजींनी आजचा मुहूर्त सांगितला म्हणून अकरा दिवस खोकं देवघरापाशी बंद ठेवलं, माझ्याच हट्टानं. आणला त्याच दिवशी पोरगी म्हणाली होती, "आई, नुसतं लावून बघू दे. पूजा मागून कर की." मी म्हटलं, "पूजेआधी हात लावायचा न्हाई."

ह्यांनी बीडच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, बदलून द्यायची मुदत सात दिवस हाय. इतके दिवस खोकं उघडलंच न्हाई व्हय?" आता दुरुस्तीला जाणार, महिना लागणार. सात दिवस. पावतीवरच छापलेलं होतं. वाण्याची पावती मी ओळ न ओळ वाचते, मग हीच का नाही वाचली?

हे म्हणाले, "इचार तुझ्या गुरुजीला, दुरुस्तीचा मुहूर्त कवाचा हाय."

रेखाला येत्या सोमवारपासून घरबसल्या टायपिंगचं काम लागलं होतं. अट एकच, कंप्युटर स्वतःचा हवा. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्यासमोरच फोन करून काम जमणार नाही म्हणून कळवलं. पलीकडून कारण विचारलं असावं. म्हणाली, "घरी थोडी अडचण आहे."

अडचण म्हणजे मीच ना? देवापुढं बसले, पण काय मागावं तेच सुचेना.

आता ती हाक मारतेय, "आई, जेवून घे." कोणत्या तोंडानं जाऊ?