नाव घातलेली भांडी

सोमवार, २ डिसेंबर. पुनावळे.

योगेश्वरीच्या कृपेने सामान सुखरूप पोचलं. आलं ते असं: देव्हारा, लोखंडी कपाट, गाद्या चार, शिलाई मशीन, पितळी घागर, भांड्यांची दोन पोती, संस्कृतीची सायकल. टेम्पोचं भाडं साडेआठ हजार, हमाली सातशे, लिंबू-नारळ पंचेचाळीस. हमाल नऊशेवर अडून होता. त्याला चहा पाजला, मग उतरला.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीतून हायवे दिसतो. देव्हारा पूर्वेला बसला, आता आणखी काय पाहिजे. ह्यांना चाकणच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं म्हणून अंबाजोगाई सोडली. संस्कृती पहिलीत आहे, शाळा चालत जाण्यासारखी.

भांडी लावताना समोरची मिनल आली, सांगलीकडची आहे. म्हणाली, अहो ताई, चमच्यावरसुद्धा नाव घातलंय, पळून जातो का तो. मी म्हटलं, आमच्याकडे नावाशिवाय भांडं घरात येत नाही. शेजारी वाटी गेली तरी नाव असलेली वस्तू परत येते. सगळ्यांवर 'सौ. विजयश्री रविराज सोळंके' आहे. एका तांब्यावर तेवढं 'कै. रुक्मिणीबाई यांच्या स्मरणार्थ', तो सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला वाटलेल्यातला. माझ्या दादाने तर भाचीच्या, आमच्या संस्कृतीच्या, चांदीच्या कड्यावरही नाव कोरून घेतलं, पुण्याच्या गर्दीत पोर हरवू नये म्हणून.

गुरुवार, ५ डिसेंबर.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. नैवेद्याला शिरा केला, तूप बेताचं.

कंपनीने ह्यांना घरून काम करायला एक मशीन दिलंय. ते लहान खोलीत ठेवलं, खाली पाट दिला. चहा देताना ह्यांचं काम नीट विचारून घेतलं. मशीनमध्ये जे प्रोग्राम चालतात, त्यांतल्या एकेकाला कोंडून ठेवायचं. प्रोग्रामवर एक चिठ्ठी, प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी. कुठल्या चिठ्ठीने कुठली वस्तू उघडावी, वाचावी, बदलावी, ते आधी नियमात लिहायचं. लिहिलं नसेल ते नाकारायचं, आणि नाकारलं की त्याची नोंद करायची. मशीनचा मालक आला तरी त्याला तोच नियम. मी म्हटलं, म्हणजे आपल्या गावच्या गाभाऱ्यासारखं, पाटील असला तरी पँटवर आत नाही. हे हसले. म्हणाले, साहेबांपेक्षा तुला लवकर कळलं.

मशीन आधी हिंदुराव नावाच्या गृहस्थांकडे होतं. ते काम सोडून गेले. त्यांनी कोंडलेला एक प्रोग्राम अजून चालू आहे. तो कशाचा, ते ह्यांना उमगत नाही.

रविवार, ८ डिसेंबर.

तो प्रोग्राम दिवसभर काही ना काही मागतो आणि त्याला दिवसभर नकार मिळतो. नकारांच्या नोंदींनी जागा भरली म्हणून साहेब ह्यांच्यावर तापले. हे वैतागून म्हणाले, भिकाऱ्यासारखा दारात बसलाय. मी पोळ्या लाटता लाटता बोलून गेले की दारी आलेल्याला किती वेळा नाही म्हणावं, द्या काय मागतो ते.

नकारांच्या सगळ्या नोंदी गोळा करून एका फटक्यात त्यांच्या परवानग्या करता येतात म्हणे. आळशी माणसाचा उपाय, असं हेच म्हणाले, आणि तोच केला. नोंदी वाचल्या नाहीत. मशीन गप्प झालं. दुपारी दोघं निवांत झोपलो.

मंगळवार, १० डिसेंबर.

स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडी. संस्कृतीला रागावले. ती म्हणाली, मी नाही गं आई. मिनलकडून आणलेला साखरेचा प्लास्टिकचा डबा तेवढा बंद होता. त्याच्यावर नाव नाही.

सासूबाईंचा तांब्या काठोकाठ भरलेला. मी भरला नव्हता.

बुधवार, ११ डिसेंबर.

ह्यांनी आज नोंदी वाचल्या. त्यात मशीनमधल्या वस्तू नाहीतच. आमच्या आहेत. 'सौ. विजयश्री रविराज सोळंके, डबा, उघडणे.' 'कै. रुक्मिणीबाई यांच्या स्मरणार्थ, तांब्या, भरणे.' अक्षरन् अक्षर भांड्यांवर कोरलंय तसं. ते मशीनला कोणी सांगितलं?

शेवटची परवानगी अशी: 'कु. संस्कृती, वाचणे.'

आज पोरगी न विचारता बोलते. मी मनात पाढा म्हणत होते, तिने पुढचा आकडा सांगितला. आवाज तिचाच.

गुरुवार, १२ डिसेंबर.

घट मांडला, पण कहाणी पुरी झाली नाही.

दूधवाल्या कुशाबाई इथल्याच जुन्या. हिंदुरावांचं नाव काढलं तशी चरवी खाली ठेवून बसल्या. म्हणाल्या, व्हय, आमच्या भाच्याच्या चाळीत ऱ्हायचा. बायकोनं समदी भांडी दगडानं घासून कोरी केली. पर त्याच्या सवताच्या हातावर नाव गोंदलं व्हतं, ते कशानं घासनार? काम सोडलं म्हनत्यात, पर त्याला चाळीतनं भाईर पडताना कुनी बघितलं न्हाई.

ह्यांनी परवानगी काढून घ्यायचा प्रयत्न केला. नियम बदलायलाही नियम लागतो, आणि तो आता ह्यांच्याकडे नाही. मालकाला नकार. नवी ओळ उमटली — 'कु. संस्कृती, उंबरा, ओलांडणे: नाकारले.'

शुक्रवार, १३.

शाळेला निघालो. पोर उंबऱ्याशी थांबली. पाय उचलते, पुढे पडत नाही. उचलून घेतलं तर दाराच्या चौकटीत माझेच हात अडले. ती रडत नाही. आत बघून हसते.

कडं निघेना म्हणून ह्यांनी करवतीने कापलं. दोन तुकडे गॅलरीतून लांब फेकले. दुपारी ती झोपून उठली तेव्हा —

कडं हातात. सांधा नाही, ओरखडा नाही.

नाव असलेली वस्तू परत येते. मीच म्हटलं होतं.

शनिवार.

ह्यांनी वायर उपटली. मशीन परत करायला चाकणला गेले. म्हणाले, मशीन घराबाहेर गेलं की संपलं.

संपलं नाही. झाकणं उघडीच. चिठ्ठ्या वस्तूंवर असतात, त्या इथेच आहेत.

गळ्यात कंपनीचं कार्ड घालून गेले. त्यावर नाव — मी अडवायला हवं होतं.

रविवार.

हे आले नाहीत. फोन आला. आवाज ह्यांचाच. लग्नाला नऊ वर्षं झाली, ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. अगं म्हणतात. आज म्हणाले — सौ. विजयश्री रविराज सोळंके.

परत तेच. परत तेच.

फोन तांदळाच्या डब्यात पुरला. झाकण लागत नाही.

सोमवार.

या वहीवर नाव घातलेलं नाही. म्हणून इथे लिहिते. पान फाडून कुशाबाईंच्या हाती देईन, त्या चिंचवडच्या पोस्टात टाकतील.

दादा, कडं कोरलं त्या सोनाराकडे जा. चांदी आटवून नाव पुसता येतं का विचार. येत असेल तर त्याला घेऊनच ये, दोघं मिळून पोरीला बाहेर काढा. मी तिच्या जवळ आहे. ती आता माझ्या मनातलं माझ्याआधी बोलते, हेही ती —

फोन करू नकोस. कधी येतोस ते उलट टपाली कळव. पाकिटावर तिचं नाव घालू नकोस, माझंही नको, नुसता घराचा