इंदिराबाईंच्या पुड्या

२६ जुलै, शनिवार
आजपासून गोत्री भागात, आजारी माणसाच्या देखभालीच्या नव्या कामावर. घर झकास, मला स्वतंत्र खोली, आणि आल्याआल्या मृदुलाताईंनी शेव-उसळ पुढे केली! त्यांच्या सासूबाई इंदिराबाई अंथरुणावर आहेत. माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम. कूस बदलायची, ड्रेसिंग करायचं आणि दिवसातून दोनदा अमिनो ॲसिडच्या पावडरीची पुडी पाण्यात ढवळून द्यायची. डॉक्टर म्हणाले, नवी कातडी धरायला शरीराला हे लागतं. इंदिराबाई मला म्हणाल्या, तू आलीस, आता दसऱ्याला मी चालणार. फार गोड बाई.

२८ जुलै, सोमवार
श्रावणी सोमवार. पुडी ढवळून नेली तर इंदिराबाईंनी तोंड फिरवलं; उपासाला चालते की नाही कोण जाणे, म्हणाल्या. मृदुलाताई ऑफिसला गेलेल्या. ओतून कशाला द्यायची, म्हणून मीच प्यायले. संत्र्याची चव. औषधांच्या तक्त्यावर मात्र ‘दिली’ अशी खूण केली.

३० जुलै, बुधवार
माझ्या टाचांच्या भेगा गेल्या. बारा वर्षांच्या भेगा! आज उपास नव्हता, तरी पुडी मी घेतली आणि त्यांना लिंबाचं सरबत दिलं. लिहितानाही लाज वाटते. उद्यापासून नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
रोज दोन्ही पुड्या माझ्याच पोटात. जखम वाटीएवढी झाली. इंदिराबाई सुनेला सांगत होत्या, कौशल्या वेळच्या वेळी देते हो, माझंच नशीब. मी मान वर केली नाही.
आरशात पाहिलं, नाकाचं भोक बुजलंय. चमकी कातडीच्या आत आहे. बोटाला लागते.

८ ऑगस्ट
तीन दिवस पुड्या त्यांनाच देते आहे. माझं थांबत नाही. पायाची बोटं जुळली, मोजे घालून वावरते. त्यांच्या जखमेत हाड दिसतंय.

११ ऑगस्ट
ओठांचे कोपरे मिटले. मृदुलाताईंना सांगायला गेले. त्याच म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त ऑफिसला जाते. तशीच परत फिरले. उद्या —

१२ ऑगस्ट
काडी जाईल एवढीच फट उरली. शब्द फुटत नाही. इंदिराबाईंनी पाहिलं. हात धरून म्हणाल्या, “आजची माझी पुडी तू घे गं. मी म्हातारी, मला काय करायचीय? नळीने पी.”
मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहूनच दाखवते — बोटं जुळतायत, पेन आत रुततंय — त्या ग्लास धरून बसल्यात —
बाई, तुमच्या पुड्या मी —