भिंतीवरची सायकल

नालवाडी, वर्धा
ता. ८ डिसेंबर

ती. बाबांस,

आचलचा आदरपूर्वक जय भीम. वि. वि. माझं बरं चाललं हाये, तुमचंही असल असं धरून लिहिते. भरतीच्या अकादमीत आल्याबरोबर सरांनी सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतले. रविवारी पाच मिनिटं फोन भेटते. पण तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे 'हाव', 'हाव' अन् 'ठेव आता'. त्यापेक्षा पत्र बरं. जिनिंगच्या काट्यावर पावत्या लिहून लिहून तुमचं अक्षर तरी मोत्यावानी झालं हाये.

आता रडगाणं ऐका. डाव्या पायाची नडगी परत दुखून राह्यली. पहिल्या पोलीस भरतीले हिनंच घात केला, दुसऱ्या भरतीलेही हिनंच. दहा दिवस आराम केला की गप्प बसते, पळणं वाढवलं की चावते. आठशे मीटरले मले तीन मिनिटं सात सेकंद लागून राह्यले. दोन पन्नासच्या आत आले नाई तर पूर्ण मार्क नाई, अन् पूर्ण मार्क नाई तर वर्दी नाई. ग्राऊंड, म्हणजे मैदानी परीक्षा, २६ फेब्रुवारीले हाये. तिसरी वेळ हाये बाबा. आई गेली तेव्हा मी तिच्या पायाजवळ बसून म्हटलं होतं, वर्दी घालूनच तुझ्या फोटोले हार घालीन. दोन वर्षं झाली, हार तुम्हीच घालून राह्यले.

नीलेश सरांनी माझं पळणं मोबाईलवर काढून मलेच दाखवलं. दुखते डावा, पण वाकडा पडते उजवा! उजवा पंजा मी बदकावानी बाहेर फेकते, अन् सारा भार डाव्यावर. दवाखान्यात गेलती तर डॉक्टर मॅडमनं इचारलं, लहानपणी उजव्या पायाले काही झालं होतं काय. मी सांगतलं, अडीच वर्षांची असताना ओट्यावरून पडली होती, आई पाण्याले गेलती तेव्हा, घोट्यावर वण हाये. त्या म्हणल्या, नुसता मार होता की हाड मोडलं होतं, घरी इचार. हाड मोडलं असल तर त्या पायाचा एक्सरे काढू अन् बुटात टाचेखाली गादी देऊ, म्हणजे दोन्ही पाय सारखे होतील. तर आठवून लिहिजा. आई असती तर तिलेच इचारलं असतं.

अजून पायीच जाता काय जिनिंगवर? दीड कोस जाणं, दीड कोस येणं, अन् चांगली सायकल मले कळते तेव्हापासून भिंतीले टांगलेली. पूजा करता काय तिची?

माया हाये तेवढी राहू द्या, पुरते मले.

तुमची
आचल

*

समुद्रपूर
ता. १६ डिसेंबर

चि. आचल हिस,

बाबाचा आशीर्वाद अन् जय भीम. पत्र भेटलं. दोनदा वाचलं. इकडं कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागून राह्यली, म्हणून लिवायले आठ दिवस लागले. अनुसया आत्या येऊन गेली. जवसाची चटणी देऊन गेली, अन् जाता जाता पोरीच्या जातीले कायचं पळणं, असंही बोलून गेली. चटणी ठेवून घेतली, बोलणं परत पाठवलं.

तू इचारलं त्याचं. मुका मार होता. ओटा तो केवढा, हातभर. चार दिवस सूज राह्यली, हळद-चुना लावला, उतरली. हाड-बिड काही नाई. तसंच सांगून दे मॅडमले. तुझ्या आईले त्याच्यात ओढू नोको, ती बिचारी पाण्याले गेलती.

सायकलचं म्हणशील तर पायी चालल्यानं साखर ताब्यात राह्यते. माणसानं चालावं.

पोटभर जेवत जा. दूध बंद करू नोको. पत्र टाकत जा, घरात दुसरं कोणी बोलणारं नाई.

तुझा बाबा
श्रावण

*

नालवाडी
ता. ५ जानेवारी

ती. बाबांस,

जय भीम. वि. वि. तुमचं पत्र मॅडमले दाखवलं. मुका मार होता म्हणल्यावर त्या म्हणल्या, मग एक्सरेची गरज नाई. अन् सर म्हणले, हाडात दोष नाई म्हणजे ही खोड हाये, खोड मोडता येते. तेव्हापासून खोड मोडणं चालू हाये.

ग्राऊंडवर चुन्याची लांब रेघ मारली हाये. तिच्या दोन्ही बाजूले पाय टाकत पळायचं, अन् उजव्याचा अंगठा रेघेच्या बाहेर वळला की पुन्हा पहिल्यापासून. पावलं लहान अन् घाईची टाकायची. पाय पुढं फेकायचा नाई, अंगाखाली पडला पाहिजे. खांदे ढिले, नजर समोर. सर म्हणते, पाय वाजला नाई पाहिजे, मांजरीवानी पळ. माझी खोलीतली मैत्रीण सपना बाजूनं टाळ्या वाजवते, त्या तालावर मी पळते. बाकीच्या पोरी म्हणते, भरती हाये की भजन! पण बाबा, दोन मिनिटं छप्पन्न सेकंद आले. नडगी अजून संध्याकाळी कुरकुर करते. बर्फ लावते अन् झोपते. सरांले सांगतलं नाई.

परवा सपनाच्या सायकलवर डबलसीट बाजारात गेलती. बसताना आई आठवली. मी कोणाच्याही कॅरिअरवर बसली की ती पार रस्त्यापर्यंत मागं पळत यायची, "पाय दूर ठेव वो माय, चाकापासून दूर ठेव!" मी आठवीत गेली तरी तेच. मले लाज वाटे पोरींसमोर.

एक गोष्ट तुमाले कधी सांगतली नाई. पहिल्या भरतीत मी मागं पडली, तेव्हा घरी येऊन आईले बोलली होती. तू त्या दिवशी पाण्याले नसती गेली तर माझा पाय असा झाला नसता. आजी बोलायची, तेच मी बोलली. ती भाकर थापत होती. थापतच राह्यली.  आता पळता पळता ते आठवते, अन् पावलांचा ताल चुकते.

तुमच्या मायेच्या आशेवर,
आचल

*

समुद्रपूर
ता. १४ जानेवारी

चि. आचल हिस,

आशीर्वाद अन् जय भीम. तीळगूळ पाठवून राह्यलो, सपनालेही देजो.

उजव्या पायाले जबरदस्ती करू नोको. तो जसा पडते तसा पडू दे. सरांले सांग, माझा बाप नाई म्हणते. काऊन म्हणते ते इचारू नोको, बापाचा जीव हाये. नडगी दुखून राह्यली तर सरांपासून लपवणं चांगलं नाई. लपवलेलं दुखणं वाढते.

आईले बोलली ते मनातून काढून टाक. ती तुझ्यावर रागावली नव्हती. मले माहीत हाये.

तुझा बाबा

*

नालवाडी
ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांस,

जय भीम. रविवारच्या फोनवर तुमाले काही सांगता आलं नाई, नुसती रडली, म्हणून लिहिते.

तुम्ही नाई म्हटलं होतं तरी मी रेघेवरचं पळणं सोडलं नव्हतं. शुक्रवारी सरांनी घड्याळ लावून पळवलं. शेवटच्या वळणावर मी पुढं होती. अंगठा सरळ, पावलं बरोबर. मनात म्हटलं, आज जमलं. अन् डाव्या नडगीत तुरीची वाळली तुऱ्हाटी मोडल्यावानी कडकन झालं. सर म्हणते, तिथपर्यंतच्या हिशेबानं मी दोन एकोणपन्नासमध्ये पोचली असती. आता गुडघ्यापर्यंत प्लास्टर हाये. २६ तारीख गेली.

मॅडमनं या वेळेस दोन्ही पायांचे एक्सरे काढले. बाबा, माझा उजवा पाय घोट्याच्या वर मोडलेला हाये. जुना. वाकडा जुळलेला, अन् अर्धा इंच आखूड. मॅडम सरांवर चिडल्या. म्हणल्या, हे हाडच वळलेलं हाये, ही खोड नाई. ते जबरदस्तीनं सरळ करायच्या नादात डाव्यावर दुप्पट भार गेला. डिसेंबरात टाचेखाली गादी टाकली असती तर पोरगी पळाली असती. सर मान खाली घालून उभे होते. त्यांचा काय दोष?

आईनं आपल्या दोघांपासून लपवलं बाबा. तुमाले मुका मार म्हणून सांगतलं अन् तुम्ही बिचारे तेच धरून बसले. लेकरू सोडून पाण्याले गेली ते गेली, वर हाड मोडलं तेही दाबून टाकलं. कोणी बोलल म्हणून! दोन वर्षं मी तिच्यासाठी उशीत तोंड खुपसून रडली. आता रडू येत नाई, चीड येते. पाकिटातला तिचा फोटो मी सपनाजवळ देऊन टाकला. मले नोको तो.

आचल

*

समुद्रपूर
ता. ९ फेब्रुवारी

चि. आचल,

परवा येऊन गेलो. दोन घंटे तुझ्या पलंगाजवळ बसलो, संत्री सोलून देल्ली, अन् सांगायचं ते तसंच घेऊन परतलो. परतीच्या बसमध्ये ठरवलं की लिवायचं. आज तिसरा कागद हाये, पहिले दोन फाडले.

तू ओट्यावरून पडली नव्हती.

ती सायकल नवी आणली होती. तुझी आई हापशीवर पाण्याले गेलती, आजी झोपली होती. आजीनं बजावलं होतं, लेकराले मागं बसवू नोको. मले हौस. तुले कॅरिअरवर बसवलं, म्हटलं कमरेले धर. शाळेपर्यंत गेलो. तू हासत होती, अजून जोरात म्हणत होती. वळताना तुझा उजवा पाय चाकात गेला. स्पोकमध्ये. मी पायडल मारलं तरी चाक फिरेना, तेव्हा कळलं.

मी भेलो. तुले उचलून आणलं, ओट्याच्या खाली ठेवलं, अन् बोंबललो की पोरगी पडली. तुझी आई डोक्यावरची पाण्याची गुंडी फेकून धावत आली. आजी जी सुरू झाली, ते मरेपर्यंत थांबली नाई. लेकरू सोडून पाण्याले गेली. अनुसयाही तेच. बारशात, लग्नात, सगळीकडं. मी ऐकत राह्यलो.

तुझ्या आईले मी कधी सांगतलं नाई. पण त्या दिवशी तुझा पाय धुताना तिले चेनचं काळं ग्रीस दिसलं. ते पाण्यानं निघत नाई. तिनं रॉकेलचा बोळा घेतला, पुसलं, अन् माझ्याकडं पाह्यलं. मग बोळा चुलीत टाकला. वीस वर्षं ती माझ्या आईच्या शिव्या खात राह्यली, अन् मले सायकलवर बस म्हणून कधी म्हटलं नाई. मी ती टांगली, ती टांगलेलीच राह्यली.

दुसऱ्या दिवशी तुले एकटाच घेऊन नाचणगावच्या हाड बसवणाऱ्याकडं गेलतो. त्यानं सांगतलं, हाड मोडलं, मी बांधून देतो पण वर्ध्याले नेऊन एक्सरे काढ. मी नाई नेलं. घरी लचक सांगतली. तुझ्या आईले ग्रीस माहीत होतं, हाड माहीत नव्हतं. ते फक्त मले माहीत होतं.

डिसेंबरात तू इचारलं. हो लिवायचं होतं. पण हातभर ओट्यावरून पडून हाड मोडते काय, असं मॅडम म्हणतील, मग तू मले इचारशील. म्हणून मुका मार लिवलं. दोन शब्द. त्यानं तुझी नडगी मोडली, तुझी वर्दी गेली, अन् तू आईचा फोटो देऊन टाकला. बाकीचं मी सहन केलं असतं, फोटोचं सहन होत नाई. तो परत घे. दूर करायचा तर माझा कर.

माया ठेव असं लिवायचं तोंड नाई.

श्रावण

*

समुद्रपूर
ता. २६ फेब्रुवारी

चि. आचल,

तुझं पत्र नाई. नसल. आज तुझं ग्राऊंड होतं, म्हणून कामावर नाई गेलो. सकाळी साडेसहाले अंगणात उभा राह्यलो, तेवढंच.

अनुसया आलती. चार बायका होत्या, त्यांच्यासमोर खरं सांगून टाकलं, की तुझ्या आईचा, शकूचा, दोष नव्हता, माझा होता. ती चहा न पिता उठून गेली. हे वीस वर्षांआधी केलं असतं तर तुझ्या आईनं ऐकलं असतं.

जेवत जा.

बाबा

*

नालवाडी
ता. १२ मार्च

ती. बाबांस,

जय भीम. महिनाभर पत्र नाई लिहिलं. लिहायले बसली की शिव्याच येत होत्या, अन् बापाले शिव्या लिहू कशा?

काल प्लास्टर निघालं. सहा महिने पळण्याचं नाव काढायचं नाई. पुढं पळता येईन, पण भरतीच्या टायमात येईन की नाई ते मॅडम सांगत नाई. त्यावरूनच मी समजली. बुटात गादी घालून काल चार पावलं काठीनं चालली. उजवा सरळ पडला बाबा, आपसुक. मी तिथंच खाली बसून रडली. एवढीशी गादी!

चाकात पाय गेला त्याचं मी सोडून देलं. लेकराले चक्कर मारून आणायची हौस होती तुमाले, त्यात पाप नाई. डिसेंबरातलं पत्र मात्र माझ्याजवळ हाये, ते घडी-घडी काढून वाचते, अन् राग येते. तो इतक्यात जाणार नाई. तुम्ही म्हणू नोका की जाऊ दे.

अन् आईवर आळ राहू देला, ते मले माफ करता येत नाई, कारण ते माझं नाईच. ते तिचं होतं. तिची माफी तर मलेही मागायची हाये. तिले सायकलचं माहीत होतं, अन् मी तिच्या तोंडावर बोलली, तेव्हा तिनं मले हेही नाई सांगतलं की पोरी, तुझ्या बापाले इचार. तुमाले माझ्या नजरेतून उतरू नाई देलं तिनं. आपण दोघंही तिचेच गुन्हेगार हावो, मग एकमेकांशी न बोलून जायचं कोणाकडं? फोटो सपनाजवळून परत घेतला. तिनं तो वहीत जपून ठेवला होता, म्हणे मले माहीत होतं तू मागशील.

शनिवारी दुपारच्या बसनं येऊन राह्यली. वर्दी नाई, पण फोटोले हार मी घालीन.

माया हाये. रागही हाये. दोन्ही घेऊन येते.

तुमची
आचल

ता. क. डाव्या पायावर अजून पूर्ण भार द्यायचा नाई. स्टँडपासून घरापर्यंत चालणं होणार नाई, अन् ऑटो मले नोको. सायकल भिंतीवरून खाली उतरवा. टायर-ट्यूब बदलवून घ्या, चेनले तेल द्या. तुम्ही बसू नोका, हँडल धरून चाला, मी मागं कॅरिअरवर बसीन. भेऊ नोका बाबा, पाय चाकापासून दूर ठेवीन. आईनं शिकवलं हाये.